बुरडीन आजीचं देणं

चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र आमच्या घरी भिंतीवर लावलेलं आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावरचं हे केंद्र सरकारने 2014 साली मंजूर केलं, आणि रोवणी-कापणी सोडली तर हाताला काम नसलेल्या आमच्यासारख्या बायांना नवी वाट सापडली. भुंगा बांबूतल्या पिठूळ सत्त्वासाठी येतो, म्हणून बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवायचा, हे मी तिथेच शिकले. त्या ऋणाची पोच निदान भिंतीवर आहे. ज्यांची पोच कुठेच नाही, अशी दोन देणी माझ्या डोक्यावर आहेत.

पहिलं जावेचं. लेकुरवाळी बाई शिकायला निघाली की मजुरी बुडते, वर बसभाडं जातं, आणि पोर कोणाजवळ ठेवायचं हा घोर लागतो तो वेगळाच. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. जावेने आपल्या पोरासंगं तिलाही सांभाळलं. ऐन रोवणीत चिखलाच्या पायांनी बांधावरून येऊन वरणभात भरवला. "तू शिकून घे, मंग मले शिकव," एवढंच म्हणाली. पुढे मी तिला शिकवलं. आज ती माझ्याहून सफाईने विणते. हे देणं फिटलं म्हणायला हरकत नाही.

दुसरं फिटता फिटत नाही. केंद्रात कमच्या काढायला यंत्र होतं, घरी नुसता कोयता. बांबू फाडायला घेतला की चीर एका बाजूला पळायची. एक कमची जाड, दुसरी कागदासारखी. शेवटी गावाच्या टोकाला राहणाऱ्या बुरडीन आजीकडे गेले. तिने फाडलेल्या बांबूचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं हातात धरलं. "चीर पातळ बाजूले पळते. जाड्या बाजूले वाकव, वापस येते." वाकवलं, तर चीर खरंच मधोमध आली. पाठीची हिरवी कमची ताण सोसते, पोटाकडची लवकर तुटते, म्हणून टोपलीच्या काठाला पाठच लावायची, हेही तिनेच दाखवलं.

हीच आजी माझ्या लहानपणी सुपं-टोपल्या घेऊन दारात यायची आणि पायरीवर बसायची. आई सूप उलटंपालटं करून बघायची, घासाघीस करायची, मग धान मोजून द्यायची. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाला पाचवीला सुपात निजवलं, ते तिच्याच हातचं. घरातलं बाळ तिच्या सुपात चालायचं, ती मात्र उंबऱ्याच्या आत चालत नव्हती.

दरम्यान बांबूचे दिवस पालटले. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडात मोजलं होतं. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यावर विकायला काढला. 2017 मध्ये कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. जंगलाबाहेर लावलेला बांबू तोडणं-विकणं सोपं झालं. आमच्यासारख्यांना प्रशिक्षण मिळालं, प्रदर्शनात टेबल मिळालं. आजीने शिकवलेली कमची मी ट्रेला लावली, वर पॉलिश मारलं, तर लोक मला कलाकार म्हणू लागले. भावात कोणी घासाघीस केली नाही. तिच्या सुपाला मात्र बाजारात प्लास्टिकचं सूप आडवं आलं होतं.

शिकवणीचे पैसे घेऊन गेले, तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, "पैसे नोको. फक्त आमच्या सुपाचा भाव पाडू नोका."

तिची भीती खरी होती. आम्ही बचत गटाच्या बाया. अवजारं आणि प्रशिक्षण योजनेतून मिळालेलं. आम्ही सुपं विणायला बसलो असतो तर तिच्या लेकांपेक्षा दहा-वीस रुपयांनी स्वस्त सहज विकली असती, आणि गरीब मायांच्या नावाने आलेल्या योजनेने दुसऱ्या गरीब मायेची चूल विझवली असती. म्हणून गटात ठरलं: सूप, टोपली, परडी आपण करायची नाही. तसं काम आलं तर बुरडांच्या घरी पाठवायचं, त्यांच्या भावाने, मध्ये कमिशन न घेता. लग्नसराईत मोठी मागणी येते तेव्हा गटातल्या एकदोघी कुरकुरतात. कुरकुर ऐकून घेते, ठराव बदलत नाही.

नव्या बाया शिकायला येतात, त्यांना आधी कमची काढायला आजीची सून शिकवते. तिचं मानधन गटाच्या खात्यातून दर महिन्याला चेकने जातं. आजीने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. सुनेला मी नाही म्हणू देत नाही.