आधी उभं राहून पाय दाखव

परभणी,
कार्तिक वद्य दशमी

चि. सौ. शोभा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘आक्का, गुडघ्याच्या मागं आणि मांडीवर निळ्या-जांभळ्या शिरांचं जाळं आलंय, पोरीच्या लग्नाआधी इंजेक्शन घेऊन टाकते’ असं लिहिलंयस. ‘घेऊन टाकते’ वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

घ्यायचं म्हणतेस ते चूक नाही. पन्नाशीत कसले हे लाड, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलीस, त्या पायांचं कुणीतरी बघायलाच हवं. पण माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नव्हतं, ते आधी वाच.

सहा वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी गेले होते. खुर्चीत बसवून वरवर पाहिलं आणि दोन्ही पायांना सुया दिल्या. चार महिन्यांत जाळं परत आलं, शिवाय कातडीवर तपकिरी डाग पडले. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं, मांडीला गार जेल लावून डॉपलरची दांडी टेकवली आणि पोटरी दाबली. मशीनमधून ‘शूऽऽ’ असा आवाज आला. म्हणाल्या, हे रक्त वर निघालं. हात सोडला तर तसाच आवाज पुन्हा, आणि चांगला लांबलेला. तेच रक्त उलटं खाली येत होतं.

पाथरीकडच्या रानात बांधाखालून पाणी पाझरायचं, आठवतं? बाबा बांध लिंपून थकले, आणि गळत होतं वर, जायकवाडीच्या कालव्याच्या चारीचं दार. पायाचंही तसंच. घोट्यापासून जांघेपर्यंत जी मोठी शीर जाते, तिच्यात ठिकठिकाणी झडपा असतात, रक्त वर चढताना मागं येऊ नये म्हणून. त्या सैल पडल्या की उभं राहिल्यावर सगळा दाब खालच्या बारीक शिरांवर येतो. वरची गळती तशीच ठेवून खालचं जाळं बुजवलं, तर ते परत येणारच. माझी मोठी शीर आधी लेझरनं बंद केली, सुया त्यानंतर.

सगळ्यांचं असं नसतं. पुष्कळदा जाळं नुसतं कातडीतलंच असतं, एक मिलिमीटरहूनही बारीक, आणि तेवढ्यावर इंजेक्शन पुरतं. पण आपल्या घरात हे आहे, शोभा. आईच्या घोट्याच्या आतल्या अंगाची जखम डोळ्यांपुढं आण. आधी कातडी काळी पडली, मग खाज, मग ती चिघळली. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, कुणाची बाधा म्हणून उतारेसुद्धा झाले. दिवस-दिवस ओटी बांधून कापूस वेचणारी बाई, नऊवारीच्या आत तिचे पाय कुणी कधी पाहिलेच नाहीत. तो शिरांचाच आजार होता, हे मला त्या स्टुलावर उभी असताना कळलं. फार रडू आलं.

आता सुईचं सांगते, म्हणजे घाबरणार नाहीस. साखरेच्या माणसाची असते तेवढीच बारीक सुई. माझ्यासाठी पोलिडोकॅनॉल वापरलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो ना आपण, ते औषध जर्मनीतलंच, १९३६ सालचं. मुळात जागा बधिर करायला काढलेलं, शिरांसाठी वापरात आलं १९६० नंतर. म्हणूनच फारसं दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग खाज सुटते. मी मान वळवून बघत होते. औषध आत गेलं तसं निळं जाळं माझ्या डोळ्यांदेखत पांढरं झालं, फांदीमागून फांदी. औषधानं शिरेचं आतलं अस्तर दुखावतं, भिंती एकमेकींना चिकटतात, आणि बंद पडलेली शीर शरीर हळूहळू जिरवून टाकतं. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. पहिले पंधरा दिवस पाय आधीपेक्षा वाईट दिसतो, तेव्हा धीर सोडू नकोस. एका बैठकीत काम होत नाही, दोन-तीन लागतात, मध्ये काही आठवडे सोडून. डाग सगळ्यांनाच पडतात असं नाही, पडले तरी बहुतेक वर्षभरात फिके होतात. माझा डाव्या पोटरीवरचा एक मात्र अजून आहे. आणि नवी जाळी पुढं येऊ शकतात, तेही मनात धरून ठेव.

लग्न वैशाखात, म्हणून सुरुवात आत्ताच कर. सुईनंतर घट्ट मोजे घालावे लागतात आणि उन्हापासून पाय जपावे लागतात. आपल्याकडं पाऱ्यानं चाळिशी ओलांडली की ते मोजे अंगावर ठेववत नाहीत. सुया झाल्या की लगेच अर्धा तास चालायचं, झोपून राहायचं नाही. तुला कधी पायात गुठळी झाली असेल, कसल्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, तर ते आधीच सांग. आणि नंतर एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

शनिवारी सकाळच्या गाडीनं ये, मी स्टेशनवर असेन, तिथून त्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्या दिवशी पायांना तेल, व्हॅसलीन काही लावू नकोस, आणि साडीऐवजी सैल सलवार घाल. माझे मोजे तुला व्हायचे नाहीत. मोजे मापानं घ्यायचे असतात आणि माप सकाळीच घ्यायचं, पाय सुजायच्या आत. म्हणून म्हणते, दुपारची गाडी धरू नकोस.

तुझी,
आक्का