घोडनदी ते कुरकुंभ : जनावरांच्या वाटेने

गेल्या माघात पुण्याच्या कॉलेजातली वीस-बावीस मुले घेऊन आम्ही दोन दिवस शिरूर-दौंड भागात हिंडलो. वाढत्या गावांच्या कडेला रानजनावरे कुठे राहतात आणि एका रानातून दुसऱ्या रानात कशी जातात, ते पाहायचे होते.

शिरूरला घोडनदीकाठी ऊसतोड चालू होती. टोळीतली एक बाई ओरडली, "फडात शिरू नगा पोरांनो, काल बिबट्याची पिलं निघाली!" उसाला वर्षभर फारसा हात लागत नाही, पाणी जवळ, कुत्री भरपूर, मादी तिथेच विते. सापडलेली पिले घरी नेऊ नयेत. वनखात्याचे लोक ती त्याच जागी ठेवतात, रात्री आई घेऊन जाते. मुलांना याचे कोण कौतुक! पण याच तालुक्यात पिंपरखेडला २०२५ साली बिबट्याने माणसे मारली, आणि त्या बाईला लेकरे उघड्या कोपीत निजवायची होती.

न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. पाटसच्या पुढे ऊस सरतो नि माळ लागतो. हिवर, बोरी, गुडघाभर वाळले गवत. दप्तरी याला पडीक म्हणतात; चिंकारा आणि लांडगा मात्र यावरच जगतात. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ साली चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटर. जनावराला तेवढे कसे पुरावे? एका मुलाने विचारले, "सर, इथे झाडे का लावत नाहीत?" दाट झाडी लावली तर गवत जाते, आणि गवताबरोबर चिंकाराही.

कुरकुंभच्या अलीकडे एका धनगरबाबांनी ओघळीत पावले दाखवली. "कुत्रं भटकतं, लांडगा सरळ रेघंत जातो. औंदा तीन कोकरं नेली."

"भरपाई मिळते ना, बाबा?"

"पंचनामा लागतो, मास्तर. मेंढरं आज हितं, उद्या पाटसला."

"मग विष घालता का?"

"माझीच कुत्री मरतील की!"

पावलांमागे आम्ही निघालो. फर्लांगभरावर नव्या प्लॉटिंगचे तारेचे कुंपण आडवे आले. पावले कुंपणाकडेने वळून थेट सोलापूर रस्त्याकडे गेलेली. मालमोटारी धाडधाड चाललेल्या. रस्त्याखाली पाण्याची मोरी होती, निम्मी कचऱ्याने बुजलेली. आतल्या ओल्या मातीत पंजे उमटले होते, जाण्याचे आणि येण्याचेही. मुलांनी मोरीची उरलेली उंची मोजली. अडीच फूट भरली.