महाडच्या वाटेवर जागलेला साक्षीदार

मार्च लागला की आमच्या वस्तीत महाडचे वेध लागतात. कोणी एस.टी.ने जातात, कोणी वर्गणी काढून टेम्पो करतात. यंदा आम्ही सहा जण आमच्या भाच्याच्या व्हॅनने गेलो. ही व्हॅन त्याने जुनी विकत घेतली. मागची बाके काढून दोन फळ्यांवर झोपण्याची सोय केली, खाली शेगडी-भांड्यांना कप्पे केले आणि पंखा व दिवा चालावा म्हणून एक वेगळी बॅटरी बसविली. गरिबाला सहा माणसांचे लॉजचे भाडे परवडत नाही. गाडी हेच आमचे घर.

या गाडीच्या पुढच्या काचेवर एक छोटा कॅमेरा आहे. तो हौसेने लावलेला नाही. दोन वर्षांपूर्वी एका ढाब्याच्या आवारात गाडी रात्री उभी असताना मागे येणाऱ्या दुसऱ्या एका गाडीने तिचे तोंड चेपले. सकाळी तंटा झाला. ते चौघे, आमचा भाचा एकटा. "तुझीच गाडी आडवी होती" म्हणून त्यांनी उलट त्याच्याकडूनच भरपाई मागितली. जमलेल्यांपैकी कोणीही त्याचा शब्द मानला नाही. अठरा हजार रुपये पदरचे भरून तो घरी आला. पैशापेक्षा त्याला लागले ते हे, की खरे बोलूनही आपण खोटे ठरलो. त्यानंतर त्याने हा कॅमेरा घेतला आणि गाडी बंद असतानाही तो चालावा म्हणून थेट वायरिंगमध्ये जोडून घेतला. आमच्या आईने आधी विचारले, "आत झोपलेल्या बायामाणसांचे चित्र तर नाही ना येत?" तो फक्त बाहेर पाहतो हे कळल्यावर तिची संमती मिळाली.

१८ मार्चला संध्याकाळी आम्ही निघालो. पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड मागे टाकून रात्री माणगावला मुक्काम केला. सकाळी भाच्याने पाहिले तर कॅमेऱ्यात प्रवासाचे सारे चित्रण होते, पण गाडी थांबल्यावर जेमतेम अर्ध्या तासाचे. पुढची सारी रात्र कोरी! भाच्याचा चेहरा उतरला. उद्या पुन्हा कोणी गाडीला धडक दिली तर साक्ष कोण देणार?

जवळच्या मेस्त्रीने बॅटरी तपासली. साडेबारा व्होल्ट. वायर तपासली, तिथेही साडेबारा. "वायरिंग उत्तम आहे. कॅमेराच गेला, नवीन घ्या," असे सांगून त्याने हात पुसले. नवीन कॅमेरा म्हणजे चार-पाच हजारांचा खड्डा. आमची मुलगी आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचा कोर्स करते. ती म्हणाली, "दादा, घाई करू नकोस. कारण सापडल्याशिवाय वस्तू फेकायची नाही."

लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याच्या फाटकापाशी आमची मुलगी गाडीतून मान बाहेर काढून पाहत राहिली. आम्ही काही बोललो नाही, पण जे मनात यायचे ते आलेच.

महाड यायच्या थोडे आधी गांधारपाले येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून गेलो. बुद्धमूर्तीसमोर त्रिसरण-पंचशील घेतले. येथे ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. त्यात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराच्या दानाची नोंद आहे. दान कोणी दिले हे दगडात कोरून ठेवले, म्हणून इतक्या शतकांनंतरही ते कोणाला नाकारता येत नाही.

खाली येऊन झाडाच्या सावलीत मुलीने काम सुरू केले. ते आम्ही येथे सविस्तर लिहितो, कारण आपल्यातले कितीतरी बांधव गाड्या चालवून पोट भरतात.

आधी तिने कॅमेऱ्याची वायर काढून तो मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालविला. आमचे जेवण होईपर्यंत तो न थांबता चालला. म्हणजे कॅमेरा व त्यातले कार्ड दोन्ही निर्दोष. मग भाच्याला शंका आली ती रात्रभर चाललेल्या पंख्याची. पण पंखा वेगळ्या बॅटरीवर आणि कॅमेरा इंजिनच्या बॅटरीवर, म्हणून ती शंकाही फिटली.

या जोडणीत तीन वायरी असतात. एक पिवळी, जिला सदैव वीज मिळते. दुसरी लाल, जिला किल्ली फिरविल्यावरच मिळते. तिसरी काळी, जी गाडीच्या पत्र्याला अर्थ म्हणून कसतात. पिवळी व लाल उलटी लागली तरी कॅमेऱ्याला रात्रीची वीज मिळत नाही. मुलीने फ्यूज बॉक्स उघडून पाहिले, त्या जागच्या जागी होत्या. वायरीबरोबर एक छोटी डबीही असते. बॅटरी फार उतरून सकाळी गाडी सुरूच न होण्याची वेळ येऊ नये म्हणून व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की ती कॅमेरा बंद करते. आमच्या डबीचा आकडा होता १२.

आता मुलीने मेस्त्रीने न केलेली एक गोष्ट केली. त्याने मोजले तेव्हा कॅमेरा बंद होता. हिने किल्ली फिरवून कॅमेरा चालू केला आणि मग मोजले. बॅटरीवर १२.५, पण डबीपाशी ११.७! वाटेत ०.८ व्होल्ट गळत होते. मग मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे काळ्या वायरीच्या स्क्रूला लावले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. दिसले ०.८. चोर सापडला!

स्क्रू खोलून पाहिला. ज्याने तो बसविला त्याने रंग न खरवडता पत्र्यावर तसाच कसला होता आणि खाली गंज धरला होता. इंजिन चालू असताना व्होल्ट चौदाच्या आसपास असतात, तेव्हा ०.८ गेले तरी भागते. इंजिन बंद केल्यावर ते हळूहळू उतरतात, आणि अर्ध्या तासात डबीला वाटते की बॅटरी संपली. ती कॅमेरा बंद करते. कॅमेरा बंद झाला की वायरीतून वीज वाहत नाही, गळतीही थांबते, आणि मेस्त्रीला सारे उत्तम दिसते. ओझे असतानाच दोष दिसतो, रिकाम्या गाडीत तो लपून राहतो.

भाचा म्हणाला, "डबीचा आकडाच खाली आणू, काम भागेल." मुलगी म्हणाली, "दादा, ताप आहे म्हणून थर्मामीटर बदलायचा का? गंज वाढतच जाणार." तिने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचे टोक नवे लावले, स्क्रू घट्ट कसला आणि वरून थोडे ग्रीस लावले. पुन्हा मोजले, गळती जवळजवळ शून्य. खर्च वीस रुपयांच्या आत. आमची आई इतका वेळ शांत बसली होती. ती म्हणाली, "आमच्या वेळी असे काही झाले की नजर लागली म्हणायचे. पोरीने कारणच शोधले."

संध्याकाळी महाडला पोहोचलो. १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावला की तळे आमचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार वहिवाट. लढा कोर्टात गेला. तिथे मोठ्या आवाजाला किंमत नव्हती, पुराव्याला होती. ती वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. दहा वर्षे बाबासाहेबांनी कागद, साक्षी, तारखा यांचा पिच्छा सोडला नाही. तळ्याकाठी हे मुलांना सांगताना भाचा मागे उभा राहून ऐकत होता. नंतर तो हळूच म्हणाला, "मामा, त्या ढाब्यावर माझ्याकडे नुसता शब्द होता."

रात्री गाडी रस्त्याकडेला लावून झोपलो. सकाळी भाच्याने सर्वांआधी उठून कॅमेरा पाहिला आणि आम्हांला हाक मारली. रात्रभराचे चित्रण अखंड होते. ना धडक, ना तंटा. फक्त माणसे दिसत होती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आयाबाया, खांद्यावर पोर घेतलेले बाप, निळे झेंडे धरलेली तरुण मुले, काठी टेकीत चाललेले म्हातारे. सारी रात्र आमच्या काचेपुढून तळ्याकडे चालली होती. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. म्हणाली, "हे पुसू नका रे. नातवंडांना दाखवायचे आहे."

बंधू-भगिनींनो, गाडीला कॅमेरा लावलात तर तो रात्री खरोखर जागतो की नाही हे स्वतः पाहा. दोष निघाला तर वस्तू बदलण्याआधी कारण शोधा, आणि मोजायचे ते वस्तू चालू असताना मोजा. आणि घरातली मुलगी हातात मल्टिमीटर घेऊन पुढे आली, तर तिला बाजूला सारू नका.

जय भीम!