पालीच्या रस्त्यावरची मालमोटार

अष्टविनायकांतल्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन पालीहून परतणारी मंडळी देवळाचीच आठवण बरोबर नेतात. पाठीशी सरसगडाचा काळा कडा, समोर दगडी देऊळ, आणि चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतली म्हणून दाखवली जाणारी ती घंटा! पण देवळाबाहेर आले की आणखी एक आवाज कानांवर येतो, तो मालमोटारींचा.

नकाशा पाहा म्हणजे कारण कळेल. एका अंगाला खोपोली, म्हणजे मुंबई-पुणे रस्ता. दुसऱ्या अंगाला वाकण, म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. या दोहोंना जोडणारी वाट पालीवरून जाते. नागोठण्याच्या कारखान्यांतला माल अंबा नदी ओलांडून याच वाटेने घाटावर चढतो.

दर्शन आटोपून आम्ही चहाला थांबलो, तेव्हा शेजारच्या बाकावर असेच एक मालमोटारवाले बसले होते. गाडी स्वतःची, हप्ते बँकेचे. प्लॅस्टिकचे दाणे भरून बेळगावकडे निघाले होते. आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, "दादा, डिझेल फार लागत असेल, नाही?"

"ताई, भरल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटर मिळाले तर गणपती पावला म्हणायचं!" असे म्हणून त्यांनी खिशातली वही दाखवली. कुठल्या पंपावर किती लिटर, काय भावाने, सारे टिपलेले. "कधी कागलचा पंप परवडतो, कधी सीमेपलीकडचा निपाणीचा. भाव विचारल्याशिवाय मी टाकी भरत नाही."

त्यांच्या वहीचे मर्म थोडे उलगडून सांगायला हवे. डिझेलवर केंद्राचे अबकारी शुल्क देशभर एकच. पण राज्याचा विक्रीकर ज्याचा त्याचा निराळा. आपल्याच राज्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागांत तो 24 टक्के होता आणि इतरत्र 21. दोन्हीकडे 21 झाला तो 1 जुलै 2024 पासून. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईचे जकात नाके उठले, नाक्यावरच्या रांगा सरल्या. डिझेल मात्र त्या कराच्या बाहेरच राहिले. त्यामुळे डिझेलवर भरलेल्या कराची वजावट मालमोटारवाल्याला मिळत नाही.

शिवाय आपल्याकडे जिथे टाकी भरली, त्या राज्याला कर; गाडीने रस्ता कुणाचा झिजवला, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेत 1983 साली तीन राज्यांनी यावर तोड काढली. आज तिथली 48 राज्ये आणि कॅनडाचे 10 प्रांत त्या करारात आहेत. मालमोटारवाल्याने कुठे किती मैल गाडी हाकली आणि कुठे किती इंधन घेतले, याचे विवरण दर तीन महिन्यांनी आपल्या मूळ राज्याला द्यायचे. मग राज्ये आपापसांत वाटणी करतात. गाडी भाडेपट्ट्याची असली, तर हे विवरण कोणी भरायचे तेही ठरवून ठेवावे लागते.

इंधनाच्या करातून रस्ता बांधावा, ही कल्पना आपल्याकडेही जुनीच. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने 1928 साली पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांना द्यावा, अशी शिफारस केली. 1929 मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. 2018 साली कायदा बदलला आणि रस्त्यांखेरीज इतर पायाभूत कामांनाही त्या निधीची वाट मोकळी झाली.

हे ऐकून आमचे चहासोबती हसले. "म्हणजे लिटरमागं रस्त्याचे पैसे मी देतोच की! मग गोवा हायवेला इतकी वर्षं का लागली?" त्या चौपदरीकरणाला पनवेल-इंदापूर टप्प्यावर 2011 साली हात लागला होता, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक. खड्ड्यात पाटा तुटला की तो खर्चही त्याच वहीत चढतो. त्याचे विवरण मागणारे खाते मात्र कुठलेच नाही.

आम्ही चहाचे पैसे काढले, तर त्यांनी हात धरला. "राहू द्या साहेब. डिझेलच्या वहीत मी चहा मांडत नाही!" आणि गाडी खोपोलीच्या दिशेने निघून गेली.