दाढेचा पूल

बैल घ्यायला बाजारात गेलं, की आमचे आबा आधी त्याचं तोंड उघडायचे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आठही पुरे झाले की जुळला. शिंगं रंगवून म्हातारा बैल तरणा दाखवता येतो, पण दात खोटं बोलत नाहीत, असं आबा म्हणायचे. मीही आयुष्यात वीसभर बैलांची तोंडं उघडली असतील. घरातल्या माणसाच्या तोंडाकडं मात्र कधी बघितलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

पंचावन्नाव्या वर्षी माझी खालची डावी दाढ ठणकायला लागली. आधी लवंग झाली, मग हिंग झाला. गाल सुजला तेव्हा तालुक्याला जाऊन उपटून आलो. तिथले डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन महिन्यांनी इथं दात बसवून घ्या." मी म्हणलं, "बत्तीसातली एक गेली, एकतीस हायत की!" त्या साली पावसानं दगा दिलेला, कांदा मातीमोल गेलेला. दाढेला कोण पैसे घालतंय?

पण रान पडीक टाकलं की शेजारचं तण तिकडं सरकतं, तसंच तोंडाचंही असतं. सात-आठ वर्षांत मागची दाढ मोकळ्या जागेकडं कलली, वरची खाली उतरायला लागली. मधी घास अडकायचा. सगळं चावणं उजवीकडं. आम्ही सोलापूरकडची माणसं कडक भाकरी अन् शेंगा चटणीवर वाढलेली. ज्वारीची पातळ, कडकडीत वाळलेली भाकरी दाताखाली मोडली पाहिजे, तिचा आवाज कानात आला पाहिजे. मी ती कालवणात बुडवून खायला लागलो. शेवटी पोरानं गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण आमच्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं तीन वाटा सांगितल्या. काढघालीचा दात, नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, नाहीतर पूल. म्हणजे ब्रिज. गेलेल्या दाढेच्या अलीकडची अन् पलीकडची अशा दोन दाढा चारी अंगानं घासून बारीक करायच्या, त्यांवर टोप्या बसवायच्या, आणि दोन टोप्यांच्या मधी खोटी दाढ जोडलेली. तिला स्वतःचं मूळ नाही. सगळा भार शेजारच्या दोघींवर.

मला ते पटेना. "गेलेल्या एकीपायी चांगल्या दोघी घासायच्या?"

"हो बाबा, ह्याचा तोटा तोच आहे," ती म्हणाली. "एकदा घासलेला दात परत होता तसा होत नाही." खरं बोलली म्हणून विश्वास बसला. सुई देऊन दाढा घासल्या, मऊ लगदा चावायला देऊन माप घेतलं, तात्पुरत्या टोप्या लावल्या. दहा दिवसांनी पक्का पूल चिकटवला. तीन दातांचे साडेदहा हजार झाले. पुलाखालून रोज दोरा ओवून साफ करायचं, नाहीतर टोपीखाली खांबच किडतो, असं तिनं बजावलं.

चार दिवसांनी मी कडक भाकरी मोडून डाव्या दाढेखाली घातली. कडाडकन आवाज आला. मी खुशीत म्हणलं, "ऐकलंस का गं?"

समोर कारभारीण भाकरी दुधात कुस्करत बसलेली. तोंडावर पदर घेऊन हसली. ती पदर लाजून घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"तू कधीपास्नं कुस्करून खातीस?"

"आवं, चार वर्सं झाली की. तुमी कधी माझ्या ताटाकडं बघितलंय?"

मला पुढं घास जाईना. कडक भाकरी थापणारी तीच, अन् दुधात कालवून खाणारीही तीच.

दुसऱ्याच आठवड्यात तिला नेलं. म्हणलं, साडेदहाचे वीस लागू देत. डॉक्टरणीनं एकेक दात बोटानं हलवून बघितला. ही चौदाव्या वर्षापासून मिश्री लावते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली. हिरड्या खाली गेलेल्या, दात मुळातून सैल. डॉक्टरीण म्हणाली, "पूल बांधायला दोन्हीकडचे खांब पक्के लागतात. आजींचे खांबच हलतात. बरेच दात काढावे लागतील, मग कवळी."

मी विचारलं, "चार वर्षांमागं आणलं असतं तर?"

तिनं कागदावरून वर बघितलं. "थोडे तरी वाचले असते."

बाहेर येऊन ही मलाच समजावते, "जाऊ द्या वं. कवळी तर कवळी."

कवळीला आता दीड वर्ष झालं. रात्री ती वाटीत पाण्यात ठेवते. मिश्रीची डबी सुटता सुटता सुटली. गरम, मऊ भाकरी आता तिला चावते. कडक भाकरी चावत नाही, तरी माझ्यासाठी थापते.

माझा पूल धडधाकट आहे. रात्री मी दोरा ओवत बसतो. जेवायला बसलो की आधी तिच्या ताटाकडं बघतो. बैलाचं तोंड बघायला आबांनी शिकवलं होतं, हे शिकायला मला साठी उलटावी लागली.