विदारणें

आमचे वडील वारले त्या रात्रीं ओटीवर जमलेल्या बायकांपैकीं एक म्हातारी म्हणाली, "लेकरांवर आभाळ फाटलं गं!" आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे होतों. अंगणांत जाऊन वर पाहिलें तों आभाळ धड होतें. तो शब्द मात्र मनांत रुतून बसला. कापडवाला टर्रकन् कापड फाडून देऊं लागला कीं तो आवाज आम्हांस कित्येक दिवस सोसवत नसे.

पुढें दोन वर्षांनीं शाळेंत यशयाचें पुस्तक निघालें. ६४ व्या अध्यायाच्या आरंभीं तो संदेष्टा (संदेष्टे बहुधा कवीच असत) देवानें आकाश विदारून खालीं यावें अशी विनवणी करितो. 'विदारणें' म्हणजे काय हें ठाऊक नसल्यामुळें आम्हीं वहींत 'उघडणें' असा अर्थ ठोकून दिला. गुरुजींनीं त्याखालीं रेघ ओढली. "अरे, विदारणें म्हणजे फाडणें!" ते म्हणाले. आम्ही चमकलों. जें आमच्या घरावर कोसळलें तेंच हा मनुष्य मागून घेत होता!

गुरुजींस शब्दांचा भारी नाद. संस्कृतांत 'दॄ' धातु आहे. त्यापासून विदारण, विदीर्ण, आणि नगरें फोडणारा तो पुरंदर, असें ते सांगत सुटले. गीतेच्या पहिल्या अध्यायांत शंखनाद कौरवांचीं हृदयें विदारतो; नरसिंह नखांनीं हिरण्यकशिपूस विदारतो. तेथें सारें शत्रूसाठीं. यशयाच्या मूळ हिब्रू शब्दाची गोष्ट निराळी. योसेफ मेला असें समजून याकोबानें अंगावरचीं वस्त्रें फाडलीं, तेथें उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायांत हेंच क्रियापद आहे. योएल तर लोकांस बजावितो कीं, वस्त्रांवर हा प्रयोग पुरे, आतां तो अंतःकरणावर करा, तेथेंही हेंच. म्हणजे शोक करणाऱ्याचा शब्द यशयानें उचलला आणि देवाच्या हातीं दिला! एवढें ऐकतांना आमचे डोळे कां भरून आले तें गुरुजींस कळलें नसावें. आम्हीं सांगितलेंही नाहीं.

रात्रीं आईस हें सांगितलें. ती दिव्यापाशीं आमचा सदरा सांधीत होती. "आभाळ फाडून ये म्हणाला? मग आला का रे तो?" तिनें विचारलें. आम्हांस उत्तर देतां येईना.

दुसऱ्या दिवशीं गुरुजींनीं शुभवर्तमानें काढून दाखविलीं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं आकाश उघडलें, असें मत्तय व लूक लिहितात. मार्काला तो सौम्य शब्द पुरला नाहीं; तो पहिल्याच अध्यायांत आकाश विदारलें गेल्याचें सांगतो, आणि पुढें मंदिराचा पडदा फाटला तेथें पुन्हां तेंच ग्रीक क्रियापद योजतो.

त्या रात्रीं आम्हीं आईस मार्क वाचून दाखविला. तिनें मध्येंच थांबविलें.

"फाटलं, असंच लिहिलंय ना?"

"होय, आई."

"बरं. वाच पुढं."