न शिवता मोजलेली उंची

१९८० साली मी दहावीत होतो. गाव बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं. दसरा सरला होता आणि बानं मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माय तापानं अंथरुणाला खिळलेली. म्हणजे जोडी पुरी करायला मीच. बा म्हणाला, "सोमवारच्या परीक्षंत पास झालास तर शाळंत ऱ्हा, तुझ्या आत्याला नेतो. न्हाई झालास तर गाडीत बस." बुधवारी निकाल होता. शुक्रवारी गाड्या निघणार होत्या.

परीक्षा त्रिकोणमितीची. धड्यामागं सरावाची गणितं होती. भिंतीला टेकलेली शिडी, वाऱ्यावरचा पतंग, दीपगृहावरून दिसणारं जहाज. बाहत्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला गेलेली. आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं, जहाज कुठून दिसणार? कंदिलाखाली बसून मी संमुख बाजू, लगतची बाजू, कर्ण असं घोकत होतो. तरी घोटाळा व्हायचाच. मध्यान्हरात्री ध्यानात आलं, की काटकोनासमोरचा कर्ण तेवढा जागचा हालत नाही. बाकीच्या दोन बाजूंची नावं तुम्ही कोणत्या कोपऱ्यातून बघता त्यावर ठरतात. मग शिडी सुटली, पतंग सुटला.

एक गणित मात्र अडलं. मनोऱ्याची उंची काढायची, पण मधी नदी असल्यानं पायथ्याला जाता येत नाही. गावाला नदी नव्हती. पण देऊळ होतं.

त्या देवळाची पायरी आमच्यापैकी कुणी चढलेलं नव्हतं. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. त्याला दोनच वर्षं झाली होती. देवळाच्या बाजूनं जातानाही पोरं अंग चोरून चालायची.

रविवारी दिवस उगवायच्या आत मी निघालो. कोनमापकाला मधोमध दोरा बांधला, दोऱ्याला खडा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून कळसाचं टोक धरायचं; दोरा नव्वदच्या खुणेपासून जितका सरकेल तितका उन्नत कोन. रस्त्याच्या अलीकडं ४५ अंश आला. तिथं दगड ठेवला. मग मागं सरत सरत वस्तीच्या तोंडाशी आलो, तेव्हा ३० झाला. दुसरा दगड. दोरीनं दोन दगडांतलं अंतर मोजत होतो तर मागून आवाज आला, "काय रे, देवळाकडं काय नेम धरतूस?"

पोटात गोळा आला. म्हणालो, "अभ्यास हाय. सरांनी दिलाय." सरांनी दिला नव्हता. तो माणूस दोऱ्याकडं बघत राहिला, थुंकला आणि गेला.

अंतर भरलं ८ मीटर. घरी येऊन मांडलं. ४५ अंशाचा टॅन १, म्हणजे जितकी उंची तितकंच अंतर. ३० अंशाला अंतर उंचीच्या १.७३ पट. दोन्हींतला फरक ०.७३ पट, तोच ८ मीटर. ८ भागिले ०.७३ म्हणजे जवळजवळ ११. त्यात जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंतचे दीड मीटर. साडेबारा मीटर!

बाला सांगितलं. तो घडीभर गप्प बसला. मग म्हणाला, "एवढंच? मंग तर आपल्या कारखान्याच्या चिमणीपरीस लई लहान हाय की." आणि हसला. त्या देवळाकडं बघून माझा बाप हसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

पंचवीसपैकी सतरा मार्क पडले. शुक्रवारी गाड्या निघाल्या. बैलांमागून आत्या चालत होती. माझ्या वाट्याचा कोयता तिनं उचलला, हे मी विसरलेलो नाही.

पुढं वाचनात आलं, की एल्फिन्स्टन हायस्कूलात बाबासाहेबांना गणितासाठी फळ्यावर बोलावलं तेव्हा फळ्यामागचे आपले डबे बाटतील म्हणून सवर्ण पोरांनी गलका केला होता. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. आणखी एक वाचलं. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास 'ज्या' मांडली. तीच अरबीत 'जीबा' झाली, लिहिण्यावाचण्यात तिचं 'जैब' झालं, लॅटिनात 'सायनस' आणि शेवटी आपल्या पुस्तकातलं साइन. एवढा मुलूख फिरलेल्या विद्येला वेशीबाहेरच्या आमच्या कंदिलापर्यंत यायला जवळजवळ दीड हजार वर्षं लागली. वाट लांब नव्हती. अडवलेली होती.

आता मी संध्याकाळी विहारात पोरांची गणितं घेतो. दसऱ्यानंतर बीडमधून टोळ्या आजही निघतात. गेल्या खेपेला दहावीतली एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, पायथ्याला जाता येत नसंल तर उंची कशी काढायची?" तिचे मायबाप दुसऱ्या दिवशी निघणार होते, आणि तिचंही बोचकं बांधलेलं होतं.

तिला दोरा आणि खडा दिला. रात्री तिच्या घरी गेलो. बापाशी दोन तास बोलत बसलो, माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. पोरगी आजीपाशी राहिली.

मित्रहो, मोर्चे काढा, निवेदनं द्या. पण दसऱ्याच्या आधी आपापल्या वस्तीतल्या दहावीच्या पोरापोरींची यादी करा, आणि कुणाचं बोचकं बांधलंय ते घरोघर जाऊन बघा.